लपवलेलं आणि न दिसलेलं: सावलीतली अर्थव्यवस्था मोजायची कशी

सत्तावीस वर्षं मी नाशिक जिल्ह्यात लोकांच्या ओट्यावर बसून प्रश्न विचारले. नोकरी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात, काम राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांचं. घरात खाणारी तोंडं किती, कमावणारे हात किती, दुकानात माणसं किती, त्यातली घरची किती आणि मजुरीवर किती. निवृत्त झाल्यावर माझी भाची एम.ए.च्या प्रबंधाचा विषय घेऊन आली: देशाची छाया अर्थव्यवस्था, म्हणजे सरकारी कागदावर न दिसणारे व्यवहार, तिचा आकार आणि तिची कारणं. आल्या आल्या म्हणाली, "आत्या, एक खात्रीचा आकडा सांग ना. तिथून सुरुवात करते."

असा एक आकडा कुणाकडेच नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारने तीन नामवंत संस्थांना हेच काम दिलं होतं: राष्ट्रीय लोकवित्त व धोरण संस्था, राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था. तिघांनी मेहनत केली, अहवाल दिले, आणि तिघांचे अंदाज एकमेकांशी जुळले नाहीत. म्हणून मी तिला आकडा दिला नाही, रीत सांगितली. तीच इथे लिहिते आहे. अभ्यास देशाचा असो की आपल्या गल्लीचा, पायऱ्या त्याच.

आधी टोपल्या वेगळ्या करा

आपण बोलताना सगळ्यालाच 'दोन नंबरचं' म्हणतो. मोजायला बसलं की हा शब्द बाजूला ठेवावा लागतो, कारण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत आणि ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २००२च्या मार्गदर्शिकेत त्या वेगळ्या केल्या आहेत.

पहिली टोपली लपवलेल्या व्यवहाराची. धंदा कायदेशीर, पण कर किंवा कामगार कायदा चुकवण्यासाठी झाकलेला. फरशी घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "बिलावर घ्यायची की बिनबिलाची?" ती ही. दुसरी बेकायदा वस्तूंची: गांजा, गावठी दारू, मटका. तिसरी असंघटित धंद्यांची. गोदाघाटावर फुलं-पत्री विकणारी बाई काही लपवत नाही. ती सगळ्यांसमोर बसलेली असते, तिच्याकडे वही नसते एवढंच. चौथी घरच्या वापरासाठी केलेल्या उत्पादनाची, म्हणजे परसातली भाजी, घरी बांधलेली भिंत.

भाचीला मी दोनच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावले: लपवलेलं आणि न दिसलेलं. या दोन्हींची बेरीज करून वर 'करचोरी' अशी पाटी लावली, तर फुलवालीला आपण चोर ठरवतो आणि खरा लपवणारा तिच्या गर्दीत मिसळून सुटतो. या विषयावरच्या चर्चेत हे रोज होतं, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

नाशिककरांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आयकर कायद्यानेच ते वगळलेलं आहे. त्यामुळे द्राक्ष बागायतदाराचं उत्पन्न करविवरणात दिसत नसेल तर ते लपवलेलं ठरत नाही. शेतीच न करणाऱ्याने आपली दुसरी कमाई सातबाऱ्याच्या आडून शेतीची म्हणून दाखवली, तर ती पहिल्या टोपलीत जाते.

काळा पैसा आणि काळी कमाई याही वेगळ्या गोष्टी. गंगापूर धरणात आज पाणी किती आहे हा एक प्रश्न, होळकर पुलाखालून सेकंदाला किती वाहतंय हा दुसरा. धरण टीएमसीत मोजतात, प्रवाह क्युसेकमध्ये. वर्षानुवर्षं साठलेली बेहिशेबी मालमत्ता हा साठा आहे, या वर्षीची न सांगितलेली कमाई हा प्रवाह. छाया अर्थव्यवस्थेचा आकार देशाच्या एका वर्षाच्या सकल उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या टक्क्यांत सांगतात, म्हणून आपल्याला प्रवाह मोजायचा असतो.

शेवटची ताकीद बेरजेची. असंघटित धंदे जीडीपीत धरलेले असतात. आम्ही दारोदार फिरायचो ते त्यासाठीच. ७३व्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, देशात शेती वगळून असे ६.३४ कोटी छोटे उद्योग आणि त्यांत ११.१३ कोटी माणसं काम करताना आढळली. कुणी 'छाया अर्थव्यवस्था अमुक टक्के' म्हणालं आणि आपण तेवढे टक्के जीडीपीत सरळ मिळवले, तर ही माणसं दोनदा मोजली जातात.

ओट्यावर बसून

थेट पद्धत म्हणजे जाऊन विचारणं. तिच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे, आणि माझी सगळ्यात मोठी चूकही तिच्यातच झाली.

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील. येवल्यात एका पैठणी विणकराच्या घरी गेले होते. पुढच्याच खोलीत माग. नवरा मागावर, बायको भिंतीला टेकून बसलेली, मी चटईवर. तासभर प्रश्नोत्तरं झाली. बाईंना विचारलं, "तुम्ही काय काम करता?" त्या म्हणाल्या, "मी काहीच करत नाही, घरीच असते." मी रकान्यात ९२ लिहिलं. आमच्या संकेतांकात ९२ म्हणजे फक्त घरकाम. आठवड्याने पाहणीपत्रिका तपासणाऱ्या साहेबांनी एकच प्रश्न केला: "माग चालतोय, मग कांड्या कोण भरतं?" कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या धाग्याच्या नळ्या.

मी परत गेले. बाई त्याच जागी बसलेल्या, आणि त्यांच्या हाताशी रहाट फिरत होता. तो मागच्या वेळीही फिरत होता. तासभर माझ्याशी बोलताना त्यांचा उजवा हात थांबला नव्हता आणि मला तो दिसला नव्हता. परत विचारलं तर म्हणाल्या, "काम कसलं हो ताई, यांना नुसत्या कांड्या भरून देते." ९२ खोडून २१ लिहिलं: घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. एका आकड्याच्या बदलाने एक माणूस देशाच्या कामगारांत आलं. अशा चुका किती पाहणीपत्रिकांत राहून गेल्या असतील याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

त्या दिवसापासून मी 'काय काम करता' हा प्रश्न एकटा कधी विचारला नाही. काल उठल्यापासून काय काय केलं ते विचारायचं. आणि उत्पन्न तर सरळ विचारायचंच नाही. वापर विचारायचा.

समजा मिसळीची गाडी आहे. मालकाला 'रोजची विक्री किती' विचारलं तर तो म्हणेल तीन-साडेतीन हजार. तो खोटं बोलतो असं नाही, गल्ल्यातून दिवसभर पैसे काढत-टाकत असल्यामुळे त्यालाच नक्की माहीत नसतं. त्याऐवजी विचारा: पाव किती लागतात? पावाचा आकडा त्याला पाठ असतो, कारण बेकरीवाला पोरगा रोज सकाळी टाकून जातो आणि आठवड्याने पैसे नेतो. समजा २४० पाव. एका मिसळीमागे सरासरी तीन पाव जातात, म्हणजे ८० मिसळी. ७० रुपये दराने ५,६०० रुपये. आता मटकी, फरसाण, तेल, कांदा, पाव, गॅस आणि जागेचं भाडं वजा करा. समजा ते ३,२०० झालं. उरले २,४००, ही त्या गाडीची दिवसाची मूल्यवृद्धी. जीडीपीत हीच जाते, विक्री जात नाही. मदतीला ठेवलेल्या पोराची मजुरी मात्र वजा करायची नाही. ती मूल्यवृद्धीच्या आतलीच आहे. नवीन मुलं इथे हमखास चुकतात. (रुपये-पैसे इथे समजण्यापुरते घेतलेत. तुम्ही मोजाल तेव्हा तुमच्या गाडीचे घ्या.)

प्रत्येक धंद्याला असा एक 'पाव' असतो. रसवंतीला उसाच्या मोळ्या, सलूनला ब्लेडची पाकिटं, शिवणकामाला अस्तर आणि दोऱ्याची रिळं. तो सापडला की निम्मं काम झालं.

पण बिनबिलाच्या खरेदीसारखं उघड बोलायला अवघड असेल, तिथे वापर विचारूनही भागत नाही. त्यासाठी एक सुंदर रीत आहे. स्टॅनली वॉर्नर या संशोधकाने १९६५ मध्ये तिचं मूळ मांडलं. आम्ही तिचा सोपा प्रकार वापरायला शिकलो: नाण्याचा.

समोरच्याच्या हातात एक रुपया द्या आणि सांगा, "माझ्याकडे पाठ करून उडवा. छापा पडला तर खरं काहीही असो, 'हो' म्हणा. काटा पडला तर खरं उत्तर द्या. काय पडलं ते मला सांगू नका." मग विचारा: "गेल्या सहा महिन्यांत घरासाठी दहा हजारांवरची एखादी वस्तू पक्क्या पावतीशिवाय घेतली का?" तो 'हो' म्हणाला तरी तो छाप्यामुळे की खरोखर, हे मला कळायला मार्ग नाही. त्यालाही ते कळतं, म्हणून तो मोकळा होतो. माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण जाताना दिसतो.

आता हिशेब. समजा २०० जणांना विचारलं आणि १३० 'हो' आले. साधारण १०० जणांना छापा पडला असणार, ते १०० 'हो' बाजूला काढा. उरलेल्या १०० जणांत ३० खरे 'हो', म्हणजे ३० टक्के. पण इथे थांबायचं नाही. नाण्याने गुपित राखलं त्याची किंमत अचूकतेत मोजावी लागते. २०० जणांवर हा अंदाज दोन्ही बाजूंना सुमारे १३ टक्के हलतो, म्हणजे खरा आकडा १७ ते ४३ मध्ये कुठेही असू शकतो. ८०० जणांना विचारलं तर तो पसारा निम्म्यावर येतो. भाचीने हे गणित केलं आणि तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, पडू दे, पण प्रबंधात हा पसारा लिही.

थेट पद्धतीची आणखी एक जात आहे, जोडीची तुलना. पिसारिडीस आणि वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ब्रिटनसाठी ती वापरली. त्यांनी गृहीत धरलं की पगारदार आपलं उत्पन्न खरं सांगतात आणि किराण्यावरचा खर्च सगळेच साधारण खरा सांगतात. सारखाच किराणा भरणारं पगारदाराचं घर आणि धंदेवाल्याचं घर शेजारी ठेवलं, की धंदेवाल्याने किती कमी सांगितलं ते दिसतं. ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा असणाऱ्यांचं खरं उत्पन्न सांगितलेल्याच्या सरासरी १.५५ पट निघालं. अंबडच्या कारखान्यातला पगारदार आणि त्याच सोसायटीतला भंगाराचा व्यापारी, अशी जोडी नाशिकमध्ये कुठेही सापडेल. शेतकरी कुटुंबं मात्र यातून वगळा. घरचे गहू-तांदूळ असतात, त्यांच्या किराण्याचा हिशेब वेगळा.

इटलीची रीतही इथेच सांगते, कारण ती मला फार आवडते. घरोघरी विचारून कामावर किती माणसं आहेत ते मोजायचं आणि कारखान्यांनी कागदावर दाखवलेली माणसं त्यातून वजा करायची. उरलेली माणसं कागदाबाहेर राबतात. त्यांच्या संख्येला दरमाणशी उत्पादनाने गुणायचं. १९८७ मध्ये इटलीने या प्रकारच्या फेरमोजणीने आपला जीडीपी एकदम वर नेला आणि ब्रिटनला मागे टाकल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींसाठी असं करताना एक पथ्य पाळा: भविष्यनिर्वाह निधी २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच सक्तीचा आहे. आठ माणसांच्या लेथ वर्कशॉपमध्ये पीएफ नसणं हा कायदेभंग नाही.

नोटांवरून अंदाज

नाशिकरोडला नोटा छापतात, १९२८ पासून. त्यामुळे इथल्या मुलांना वाटतं की नोटा किती छापल्या यावरून काळा व्यवहार कळेल. विचार अगदीच चुकीचा नाही. लपवायचा व्यवहार रोखीत होतो, म्हणून रोख नेहमीपेक्षा जास्त लागत असेल तर ती जास्तीची रोख लपलेल्या व्यवहारात फिरत असणार, हा रोख-मागणी पद्धतीचा पाया. केगन यांनी १९५८ मध्ये ती वाट पाडली, गुटमन यांनी १९७७ मध्ये अमेरिकेसाठी सोपं गणित मांडलं, आणि पुढे तान्झी यांनी त्यात करांचा भार, व्याजदर आणि उत्पन्न घालून ती पक्की केली.

गणित करूनच पाहा. एका कल्पित देशात बँकेतल्या ठेवी १,०००, लोकांच्या हातातली रोख १४०, जीडीपी २,०००. फार पूर्वी, जेव्हा लपवालपवी नव्हती असं आपण मानतो, तेव्हा १०० रुपये ठेवींमागे १० रुपये रोख असायची. त्या हिशेबाने आज १०० रोख पुरायला हवी. ४० जास्तीची. सरळ व्यवहारातला पैसा १,१००, त्यावर जीडीपी २,०००, म्हणजे एक रुपया वर्षात १.८२ वेळा फिरतो. ४० ला त्याने गुणलं की ७३, म्हणजे जीडीपीच्या ३.६ टक्के. आता तेच पूर्वीचं प्रमाण १० ऐवजी ८ धरा. जास्तीची रोख ६० होते, पैसा फिरण्याचा वेग १.८५ होतो आणि उत्तर ५.६ टक्क्यांवर जातं. देश तोच, वर्ष तेच, फक्त 'पूर्वी'चं गृहीतक दोनाने हललं आणि छाया दीडपट झाली. असा कुठलाही आकडा वाचलात की पहिला प्रश्न हाच: पायाचं वर्ष कोणतं धरलं?

आपल्या देशाने हा धडा फार महाग घेतला. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनात १५.४१ लाख कोटींच्या होत्या, परत आल्या १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के. बेहिशेबी संपत्ती नोटांच्या रूपात पडून असते हे गृहीतक त्यात टिकलं नाही. पुढचंही बघा. चलनाचं जीडीपीशी प्रमाण २०१६-१७ मध्ये ८.७ टक्क्यांवर उतरलं आणि २०२०-२१ मध्ये १४.४ वर गेलं. केवळ रोखीच्या सूत्रावर विसंबणाऱ्याला वाटेल की चार वर्षांत छाया केवढी वाढली. खरं तर ते कोरोनाचं वर्ष होतं. लोकांनी अडीअडचणीला घरात रोख ठेवली आणि भागाकाराच्या खालचा जीडीपीच आक्रसला. माझ्या आईने त्या वर्षी डब्यात ठेवलेले वीस हजार छाया अर्थव्यवस्थेत नव्हते, तिच्या धास्तीत होते.

विजेवरूनही अंदाज करतात. कॉफमन आणि कालिबेर्दा यांनी १९९६ मध्ये पूर्वीच्या सोव्हिएत देशांसाठी केला: वीज जीडीपीपेक्षा जितकी वेगाने वाढली, तितकी लपलेली वाढ. मालेगावच्या यंत्रमागांना हा विचार लागू पडेल असं वाटतं. पण आपल्याकडे अनेक कृषिपंपांना मीटरच नाही, अश्वशक्तीवर बिल येतं आणि त्यांचा वापर हाच एक अंदाज असतो. अंदाजावर अंदाज रचू नका. ही पद्धत नाशिकपुरती मी सोडून दिली.

दुतोंड्या मारुती

पावसाळ्यात रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून आम्ही पूर मोजतो. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पाण्याखाली गेला आणि सगळ्या शहराला पुराचा अर्थ त्याच क्षणी कळला. मारुती पाणी मोजत नाही. तो फक्त सांगतो की आजचा पूर परवापेक्षा मोठा आहे. क्युसेक हवे असतील तर धरणातून किती सोडलं ते विचारावं लागतं, आणि एकदा कळलं की कमरेइतकं म्हणजे सुमारे इतके क्युसेक, की मग पुढच्या वेळी नुसतं मारुतीकडे बघून सांगता येतं.

जगभरच्या देशांची क्रमवारी लावणारे आकडे बहुतेक याच रीतीने काढलेले असतात. तिचं नाव मिमिक, इंग्रजीतल्या 'मल्टिपल इंडिकेटर्स, मल्टिपल कॉजेस'चं लघुरूप, म्हणजे अनेक खुणा, अनेक कारणं. फ्रे आणि वेक-हान्नेमान यांनी १९८४ मध्ये ती या विषयात आणली. मधोमध न दिसणारी छाया. तिच्या वरच्या अंगाला कारणं: करांचा भार, नियमांचा जाच, बेकारी, स्वयंरोजगार, सरकारी कारभाराची प्रत. म्हणजे पाणलोटात पडणारा पाऊस. खालच्या अंगाला खुणा: रोखीचं प्रमाण, कामावर असलेल्यांचं प्रमाण, जीडीपीची वाढ. म्हणजे मारुती. संगणक या दोन्ही अंगांमधलं नातं जुळवतो आणि एक निर्देशांक देतो. हा निर्देशांक 'कमरेपर्यंत' एवढंच सांगतो. त्याचे टक्के करायचे तर दुसऱ्या पद्धतीने, बहुधा रोखीच्या पद्धतीने, एखाद्या वर्षाचा आकडा उसना घ्यावा लागतो. म्हणजे वर जो पायाच्या वर्षाचा प्रश्न होता तो इथेही मागच्या दाराने येतो.

मेदिना आणि श्नायडर यांनी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी या रीतीने १५८ देशांचे १९९१ ते २०१५ चे अंदाज दिले. सरासरी ३१.९ टक्के. सगळ्यात मोठी छाया बोलिव्हियात, ६२.३. सगळ्यात लहान स्वित्झर्लंडमध्ये, ७.२. जीडीपीचे आकडेच शंकास्पद असतात म्हणून त्यांनी उपग्रहातून दिसणारा रात्रीचा उजेडही खूण म्हणून वापरून पाहिला. अभ्यास मोठा आहे. वापरा, पण देशाची दिशा बघायला वापरा: छाया वाढतेय की घटतेय, शेजाऱ्यांच्या तुलनेत कुठे आहे. दशांशचिन्हानंतरच्या आकड्यावरून भांडू नका.

आपल्या देशाबद्दल जुना आणि काळजीपूर्वक केलेला अंदाज हवा असेल तर राष्ट्रीय लोकवित्त व धोरण संस्थेचा १९८५ चा घ्या. १९८०-८१ साठी त्यांनी काळी कमाई जीडीपीच्या १८ ते २१ टक्के सांगितली. त्यांनी एक आकडा न देता दोन टोकं दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारणं शोधताना

इथे मला माझ्या भावाची गोष्ट सांगायची आहे.

निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग. एका हंगामात व्यापारी बागेत आला, घड पाहिले, जागेवर भाव ठरला. पहिल्या दिवशीच्या खुड्याचे पैसे रोख मोजून दिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीच्या मालाची चिठ्ठी दिली: एका फाटक्या पानावर क्रेटची संख्या आणि वजन. नाव नाही, सही नाही. चौथ्या दिवशी फोन बंद. भाऊ तक्रार द्यायला गेला तेव्हा त्याच्याकडे दाखवायला ती चिठ्ठी आणि एक बंद नंबर एवढंच होतं. वर्षाची फवारणी, खतं, छाटणीची मजुरी, सगळं त्या दोन दिवसांच्या मालात होतं. वहिनी आठवडाभर बोलली नाही कुणाशी.

आता या व्यवहाराला मोजणाऱ्याच्या नजरेने पाहा. भावाची द्राक्षं जीडीपीत आली, कारण शेतीचं उत्पादन लागवडीचं क्षेत्र आणि दरएकरी उतारा यावरून धरतात, पावत्यांवरून नाही. व्यापाऱ्याची कमाई बहुधा कुठेच आली नाही. म्हणजे एकाच चिठ्ठीचा अर्धा भाग उजेडात, अर्धा सावलीत.

आणि भावाने पावती का मागितली नाही? करांचा भार हे नेहमीचं कारण इथे लागूच पडत नाही, त्याला आयकर नाही. मी त्याला विचारलं, रागावून नाही, नोंद घ्यायची तशी. त्याने सांगितलं: ढग भरून आले होते, पाऊस आला असता तर मणी तडकले असते. व्यापाऱ्याची गाडी दारात होती, पैसे हातात होते. शेजारच्या तिन्ही बागा अशाच गेल्या होत्या. मिमिकच्या कारणांच्या यादीत 'ढग भरून येणं' नाही. म्हणून म्हणते, कारणांची यादी पुस्तकातून उतरवण्याआधी निदान वीस माणसांना विचारा, आणि व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना विचारा. विकणारा का लपवतो हे सगळे विचारतात. घेणारा का गप्प बसतो हे विचारायचं राहतं.

कायदा किंवा कर हे कारण आहे का, ते तपासायला साधी खूण आहे. कर्मचारी राज्य विमा साधारण १० कामगारांपासून, पीएफ २० पासून, जीएसटीची नोंदणी मालाच्या व्यापाराला ४० लाखांच्या आणि सेवांना २० लाखांच्या उलाढालीवर. एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या कागदोपत्री कामगारसंख्येचा आलेख काढा. १८-१९ वर ढीग आणि २०-२१ वर एकदम खड्डा दिसला, तर नियमाच्या उंबरठ्याशी काहीतरी अडलंय. मग त्याच वसाहतीत सकाळी पाळी बदलताना फाटकाशी उभं राहून माणसं मोजा. कागदावर १९ आणि फाटकातून ३५ गेले, तर संख्या लपवली आहे. फाटकातूनही १९ च गेले, तर मालकाने धंदा मुद्दाम लहान ठेवलाय. दोन्हीचं मूळ एक नियम, पण पहिलं छाया अर्थव्यवस्थेत मोडतं आणि दुसरं नाही. दुसऱ्याचं नुकसान वेगळं: न मिळालेल्या नोकऱ्या. आणि मधे ठेकेदार असेल तर त्याची माणसं कुणाच्या कागदावर आहेत ते बघितल्याशिवाय मालकावर बोट ठेवू नका.

काळाची तुलनाही उपयोगी पडते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याच सुमारास यूपीआय पसरलं. पण नोटाबंदी आठच महिने आधीची. तिन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की 'जीएसटीमुळे छाया घटली' किंवा 'वाढली' असं नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ज्या धंद्याला एकाच बदलाची झळ लागली आणि ज्याला लागली नाही, अशी जोडी शोधावी लागते.

लिहिताना

भाचीने शेवटी काय केलं ते सांगते. देशासाठी तिने रोख-मागणीचं गणित तीन वेगवेगळ्या पायावर्षांनी केलं आणि तिन्ही उत्तरं एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवली. नाशिकसाठी थेट पाहणी, नाण्याची रीत, आणि मिसळीच्या गाड्यांचा पावावरून हिशेब. प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी: कोणती टोपली, कोणतं वर्ष, कोणतं गृहीतक, किती पसारा. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "मग एक आकडा कोणता धरायचा?" तिने तक्ताच पुढे केला.

एक काम मी तिच्याकडून सगळ्यात आधी करून घेतलं होतं. पाहणीपत्रिकेवर फक्त क्रमांक. नावं-पत्ते वेगळ्या वहीत, ती वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. २००८च्या सांख्यिकी संकलन कायद्याने आम्हा सरकारी पाहणीवाल्यांवर हेच बंधन आहे: कुणी काय सांगितलं ते ओळखू येईल अशा रूपात बाहेर जाता कामा नये. विद्यार्थ्यांवर तसं बंधन नसेल, तरी ओट्यावर बसून माणसाने आपल्या गल्ल्याचा हिशेब आपल्याला सांगितलेला असतो. प्रबंध जमा झाला त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ती वही अंगणात जाळली, आणि राख तुळशीत न घालता नीट पाण्यात कालवली, म्हणजे एखादा अर्धवट कागदही वाऱ्याने उडून जाणार नाही.